‘पातळ लावणे’ म्हणजे किती? त्वचेचं मलम लिहून देणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

आदरणीय डॉक्टर मंडळी,

स. न. वि. वि.

माझ्या मुलाला पाचव्या महिन्यापासून इसब आहे. आता तो ११ वर्षांचा आहे. एवढ्या वर्षांत त्याच्यासाठी लिहून मिळालेल्या स्टिरॉइड मलमांच्या चिठ्ठ्या मी एका फाइलीत लावून ठेवल्या आहेत. परवा रात्री तो झोपल्यावर त्या सगळ्या काढून बसले. २३ निघाल्या. त्यांतल्या १९ चिठ्ठ्यांवर औषधाच्या नावापुढे एवढंच लिहिलेलं आहे: दिवसातून दोनदा, पातळ लावणे. किती दिवस, ते नाही. अंगावर कुठे लावायचं आणि कुठे नाही, तेही नाही. थांबायचं कधी आणि थांबल्यावर काय करायचं, याचा तर पत्ताच नाही.

तुम्ही औषध चुकीचं दिलंत असं मला मुळीच म्हणायचं नाही. बहुतेक वेळा औषध योग्यच होतं. त्याच्या जोरावरच माझा मुलगा आज खेळतो, शाळेत जातो, रात्री शांत झोपतो. माझं म्हणणं त्या अर्ध्या ओळीबद्दल आहे. तिच्यापायी आमच्या एकाच घरात दोन माणसांचं नुकसान झालं, तेही दोन उलट्या टोकांनी. एकाला औषध पुरलं नाही आणि दुसऱ्याला ते अति झालं.

आधी मुलाचं सांगते. तो चार वर्षांचा असताना दोन्ही कोपरांच्या आतल्या बाजूला आणि गुडघ्यांच्या मागे इसब फार वाढलं होतं. डॉक्टरांनी मध्यम ताकदीचं मलम लिहून दिलं. केमिस्टनं ट्यूब हातात देताना आवाज खाली आणून सांगितलं, “ताई, यात स्टिरॉइड आहे बरं का, जपून वापरा.” घरी येईपर्यंत ‘पातळ’ आणि ‘जपून’ हे दोन शब्द माझ्या डोक्यात एक झाले होते. जितकं कमी तितकं चांगलं, असा मी त्यांचा अर्थ लावला. टाचणीच्या डोक्याएवढं मलम घ्यायचं, दोन बोटांत चोळायचं आणि तेवढंच चारही जागी पुसायचं. दोन दिवसांत जरा बरं दिसलं की लगेच बंद. चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा पहिल्यासारखं. १५ ग्रॅमची ती ट्यूब मी आठ महिने पुरवली आणि मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटून घेतली.

त्या आठ महिन्यांत माझा मुलगा सलग झोपला अशी रात्र मला आठवत नाही. झोपेतच तो खाजवायचा. खसाखसा नव्हे, एका लयीत, कुणीतरी शांतपणे काहीतरी घासत बसावं तसा आवाज यायचा. सकाळी चादरीवर रक्ताचे बारीक ठिपके दिसायचे. गुडघ्यामागची कातडी खाजवून खाजवून जाड आणि चिवट झाली, तिच्यावर आडव्या रेघा उमटल्या. मी ते बघायचे आणि म्हणायचे, स्टिरॉइडनं कातडीची काय वाट लावली बघा! प्रत्यक्षात ती कातडी औषध न मिळाल्यानं तशी झाली होती.

मग एका तपासणीच्या वेळी ड्रेसिंगच्या खोलीतल्या सिस्टर म्हणाल्या, “दाखवा बरं, कसं लावता ते.” मी नेहमीप्रमाणे टाचणीचं डोकं दाखवलं. त्या हसल्या नाहीत की रागावल्या नाहीत. माझी तर्जनी त्यांनी हातात धरली आणि शेवटच्या पेरावर, म्हणजे टोकाजवळच्या आडव्या रेघेपासून बोटाच्या टोकापर्यंत, ट्यूबमधून मलमाची एक सरळ रेघ ओढली. “हे झालं एक पेर. साधारण अर्धा ग्रॅम. तुमचे दोन तळवे, बोटं जुळवून पसरले तर जेवढी जागा व्यापतील, तेवढ्या कातडीला हे एक पेर.” मग माझाच तळवा मुलाच्या हातापायांवर जिथे जिथे इसब होतं तिथे ठेवत ठेवत त्यांनी मोठ्यानं मोजलं. सहा तळवे भरले. म्हणजे तीन पेरं, दीड ग्रॅम. रोज एकदा लावलं तरी १५ ग्रॅमची ट्यूब १० दिवसांत संपायला हवी. मी ती आठ महिने वापरत होते.

तो हिशेब ऐकून मला भीतीच वाटली, खोटं कशाला बोलू. पण सिस्टरनी सांगितलं तसं केलं. तिसऱ्या रात्री तो सलग झोपला. दहाव्या दिवशी गुडघ्यामागे हात फिरवला तर हाताला काही लागलं नाही.

हे पेराचं माप काही त्या सिस्टरनी घरी बसून काढलेलं नव्हतं. लाँग आणि फिनले या संशोधकांनी ते १९९१ मध्ये मांडलं आणि तेव्हापासून ते तुमच्या पुस्तकांत आहे. ट्यूबचं तोंड ५ मिलिमीटरचं असेल तर पुरुषाच्या पेरावर सुमारे अर्धा ग्रॅम मलम मावतं, बाईच्या पेरावर किंचित कमी. मोठ्या माणसाच्या एका पूर्ण हाताला ३ पेरं, पंजाच्या दोन्ही बाजूंना मिळून १, एका पायाला ६ आणि पावलाला २. छाती-पोटाला ७, पाठ आणि कुल्ल्यांना ७, चेहरा आणि मान मिळून अडीच. तीन ते पाच वर्षांच्या मुलाच्या एका हाताला पंजासकट २ आणि एका पायाला पावलासकट ३. मापाला पेर मात्र मोठ्या माणसाचंच घ्यायचं.

हे आकडे तुम्हाला माहीत आहेत. ते मला तुमच्या चिठ्ठीतून का कळले नाहीत, एवढंच मी विचारते आहे. त्या सिस्टरनी त्या दिवशी सहज विचारलं नसतं तर आजही मी टाचणीचं डोकंच वापरत असते.

ट्यूबचा आकारसुद्धा रुग्णाला काहीतरी सांगत असतो, याकडेही लक्ष द्यावं. एखाद्याच्या दोन्ही पायांवर पावलांपर्यंत इसब आहे. त्याला एका वेळेला १६ पेरं लागतील, म्हणजे ८ ग्रॅम. त्याच्या चिठ्ठीवर १५ ग्रॅमची एक ट्यूब आणि ‘१४ दिवस’ असं लिहिलं, तर तो माणूस ती ट्यूब १४ दिवस पुरवणार. माणसं अशीच असतात. दोन दिवसांचं औषध १४ दिवसांवर ओढणार, मग येऊन सांगणार की गुण आला नाही, आणि मग तुम्ही त्याहून जोरदार औषध लिहिणार.

आता दुसरं टोक. माझ्या धाकट्या भावाला जांघेत खाज सुटली. त्याला एक क्रीम मिळालं. त्यात जोरदार स्टिरॉइड होतं, बुरशीवरचं औषध होतं आणि अँटिबायोटिकही होतं. चिठ्ठीवर तीच ओळ: दिवसातून दोनदा, पातळ लावणे. दोन दिवसांत खाज गायब. भाऊ खूश. बंद केलं की आठवड्याभरात पुन्हा खाज, पुन्हा क्रीम. जुनी चिठ्ठी दाखवली की नवी ट्यूब मिळत गेली. असं दीड वर्ष चाललं. ती खाज गजकर्णाची, म्हणजे बुरशीची होती. गजकर्णाची गोल कडा असते, ती पुसट होत होत नाहीशी झाली आणि चट्टा मांडीवरून पोटापर्यंत पसरला. मग मांडीच्या आतल्या बाजूला जांभळट रेघा उठल्या. बाळंतपणानंतर पोटावर उठतात तशा. शेवटी ज्या डॉक्टरांकडे तो गेला त्यांनी आधी ते क्रीम बंद केलं आणि बुरशीवरच्या गोळ्या दिल्या. गजकर्ण बरं व्हायला बरेच महिने लागले. रेघा पांढुरक्या झाल्या, पण राहिल्या त्या राहिल्याच.

स्टिरॉइडनं रूप पालटलेल्या गजकर्णाला तुमच्या शास्त्रात वेगळं नाव आहे आणि ते १९६८ मध्येच दिलं गेलं. म्हणजे ही गोष्ट नवी नाही. खाज आणि सूज ही शरीराची ओरड असते. पेशीत ज्या संदेशांवर ही ओरड चालते, ते तयार होणंच स्टिरॉइड कमी करतं. इसबात किंवा सोरायसिसमध्ये त्या ओरडीलाच काही अर्थ नसतो, म्हणून ती थांबवणं हाच उपचार. बुरशी किंवा खरूज असेल तर मात्र घरात खरोखर चोर शिरलेला असतो आणि आपण फक्त कुत्र्याचं तोंड बांधतो. माझ्या भावाला हे एका वाक्यात कुणी सांगितलं असतं तर दुसऱ्या ट्यूबला तो नक्की थांबला असता. तो बेफिकीर माणूस नाही. चिठ्ठीवर लिहिलं होतं तसंच त्यानं केलं. थांबा असं तिच्यावर लिहिलेलं नव्हतं.

त्यात जागा जांघेची. अंगावरची सगळी कातडी सारखी नसते, हे आम्हा सामान्य माणसांच्या ध्यानीमनीही नसतं. हायड्रोकॉर्टिसोन कातडीतून किती आत जातं, हे १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाक यांनी मोजलं होतं. कोपराखालच्या हाताच्या आतल्या बाजूला जेवढं शिरतं ते १ धरलं, तर कपाळातून ६ पट, जबड्याच्या कोपऱ्यावर १३ पट आणि वृषणावरच्या कातडीतून ४२ पट शिरतं. तळपायातून मात्र एकाच्या सातव्या हिश्शाएवढंच. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत राहिले. तळपायाच्या जाड कातडीला जे मलम जेमतेम पुरतं, तेच पापणीला लावलं तर काय होईल? पापणीवर जोरदार स्टिरॉइड बरेच दिवस गेलं तर डोळ्यातला दाब वाढू शकतो, मोतीबिंदूही होऊ शकतो. चेहऱ्यावर तोंडाभोवती पुरळ येतं, मुरमांसारखे फोड उठतात, रक्तवाहिन्यांच्या लाल रेषा दिसू लागतात. काखेत, जांघेत, बाळाच्या डायपरखाली कातडीला कातडी लागलेली असते, वारा नसतो, घाम असतो. तिथे झाकून पट्टी बांधल्यासारखंच होतं आणि औषध आणखी आत जातं. तान्ह्या बाळांचं तर वजन कमी आणि त्या मानानं कातडी जास्त, म्हणून अंगात जाणारा वाटाही मोठा.

आणि ती टक्केवारी! यावर तुम्ही कधी विचार केला आहे का, मला खरंच ठाऊक नाही. एका ट्यूबवर लिहिलेलं असतं हायड्रोकॉर्टिसोन १ टक्का. दुसरीवर क्लोबेटासोल ०.०५ टक्के. शाळेत गणित शिकलेला कुठलाही माणूस दुसरी ट्यूब सौम्य समजणार. मीही समजले होते. वस्तुस्थिती अशी की पहिलं सगळ्यांत सौम्य गटातलं आणि दुसरं सगळ्यांत जोरदार गटातलं. क्लोबेटासोल मोठ्या माणसानंसुद्धा सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त आणि आठवड्याला ५० ग्रॅमपेक्षा जास्त वापरू नये, अशी मर्यादा घातलेली आहे. त्या दोन टोकांच्या मध्ये क्लोबेटासोन ब्युटिरेटसारखी मध्यम आणि मोमेटासोन, बीटामेथासोन व्हॅलरेटसारखी जोरदार औषधं. क्लोबेटासोल आणि क्लोबेटासोन या नावांत एका अक्षराचा फरक आणि ताकदीत केवढा! औषधाच्या नावापुढे कंसात ‘सौम्य’, ‘मध्यम’, ‘जोरदार’ किंवा ‘अतिजोरदार’ एवढा एक शब्द आपल्या भाषेत लिहिलात, तर घरातली कुठली ट्यूब कुणाच्या कुठल्या जागेसाठी आहे हे आजीलाही कळेल. एकाच औषधाचं ऑइंटमेंट हे क्रीमपेक्षा बहुधा जास्त जोर करतं, हेही जाता जाता सांगून टाकलंत तर बरं होईल.

आमच्या भीतीबद्दल तुम्ही तक्रार करता, ती रास्त आहे. ब्रिटनमध्ये इसबाच्या २०० रुग्णांना विचारलं होतं, तो अभ्यास २००० मध्ये प्रसिद्ध झाला. स्टिरॉइड मलम लावायची काळजी वाटते असं ७२.५ टक्के लोकांनी सांगितलं आणि त्या काळजीपायी आपण औषध नीट लावलं नाही अशी कबुली २४ टक्क्यांनी दिली. मी त्या २४ टक्क्यांतली. पण ही भीती आम्ही कुठून आणतो, याचाही विचार व्हावा. तुम्ही काहीच बोलत नाही, ती रिकामी जागा शेजारीण भरते, केमिस्ट भरतो, मोबाइलवर आलेला फोटो भरतो. कातडी पातळ होते हे खरंच आहे. सूज उतरवताना हे औषध कातडीच्या खालच्या थरात तिला भक्कम ठेवणारं कोलॅजन तयार होणंही कमी करतं. मग ते होतं कधी? किती दिवसांनी? कुठल्या ताकदीनं? कॉक्रेन ही संस्था औषधांवरचे अनेक अभ्यास एकत्र तपासते. तिच्या २०२२ च्या आढाव्यात ज्या २२ अभ्यासांत हे नोंदवलं होतं, त्यांतल्या २,२६६ रुग्णांपैकी २६ जणांची कातडी पातळ झाली होती. औषध जितकं जोरदार तितकं प्रमाण जास्त. हे अभ्यास थोड्या काळाचे होते, वर्षानुवर्षांच्या वापराचं त्यावरून काही सांगता येत नाही, हे मला कळतं. तरी हा आकडा मला माझ्या मुलाच्या चौथ्या वर्षी कुणी सांगितला असता, तर ते आठ महिने वाचले असते.

थांबण्याबद्दल तर तुमच्याशी भांडायचंच आहे. उरलेल्या चार चिठ्ठ्यांपैकी एकीवर ‘लाली जाईपर्यंत’ असं लिहिलंय. माझा मुलगा सावळा आहे. त्याच्या कातडीवर सूज लाल दिसतच नाही. ती तपकिरी दिसते, कधी जांभळट, कधी नुसती राखाडी आणि खरखरीत. लाली कधी आलीच नाही, तर जाणार कशी? आणि बरं झाल्यावर त्या जागी फिकट डाग राहतात, ते आम्हाला मलमाचे वाटतात. ‘बघा, स्टिरॉइडनं रंग गेला!’ जोरदार स्टिरॉइडनं रंग फिकट होऊ शकतो हे खरं, पण बहुतेक वेळा ते डाग उतरलेल्या सुजेचेच असतात आणि काही महिन्यांत आपोआप भरून येतात. सिस्टरनी मला डोळे मिटून हात फिरवायला शिकवलं. खाज थांबली आणि कातडी बोटांना गुळगुळीत लागली की थांबायचं, डाग दिसत असला तरी. हे एक वाक्य सावळ्या आणि काळ्या कातडीच्या प्रत्येक रुग्णाला सांगा, हात जोडून विनंती.

आणि थांबल्यावर? ज्यांचं इसब त्याच त्याच जागी पुन्हा उठतं त्यांनी, भडका पूर्ण शांत झाल्यावर, त्या जागी आठवड्यातले दोन दिवस मलम लावत राहायचं, अशी पद्धत आहे. कॉक्रेनच्या त्याच आढाव्यात या दोन दिवसांच्या पद्धतीनं पुन्हा भडका उठण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आलेलं दिसतं. निम्म्याहून कमी! जोरदार मलमं दिवसातून एकदा लावली काय आणि दोनदा लावली काय, भडका शमायला बहुधा फरक पडत नाही, हेही तिथेच आहे. मग माझ्या १९ चिठ्ठ्यांवर ‘दोनदा’ का? एकदा म्हणालात तर शाळेच्या घाईत आम्ही सकाळचं टाळणार नाही, रात्री एकदा निवांत नीट लावू. पापण्या, चेहरा, मान अशा नाजूक जागांसाठी टॅक्रोलिमससारखी स्टिरॉइड नसलेली मलमंही आहेत, हे मला मुलाच्या सातव्या वर्षी कळलं. मॉइश्चरायझर रोज, भरपूर आणि बरं वाटत असतानाही लावायचं, आणि स्टिरॉइड व त्याच्यात काही मिनिटांचं अंतर ठेवायचं, म्हणजे औषध सगळीकडे पसरत नाही.

एका नाजूक विषयावर बोलल्याशिवाय मात्र हे पत्र पुरं होणार नाही. बराच काळ सलग मध्यम किंवा जोरदार स्टिरॉइड लावून ते बंद केल्यावर काही जणांची कातडी पेटल्यासारखी होते. जळजळ होते, पहिल्या चट्ट्यांच्या पलीकडे लाली पसरते, सोलपटं निघतात, झोप उडते. अशी माणसं तुमच्याकडे येऊन ‘मलम सोडल्यापासून हे सुरू झालं’ असं सांगतात तेव्हा ‘असं काही नसतं, तुमचं इसबच वाढलंय’ असं म्हणून त्यांना परत पाठवू नका. ब्रिटनच्या औषध नियामक संस्थेनं २०२१ मध्ये याची दखल घेऊन डॉक्टरांना आणि रुग्णांना सूचना दिल्या. कुणाचं इसब उलटलंय आणि कुणाला औषध सोडल्याचा हा त्रास होतोय, हे ओळखणं अवघड आहे, मान्य. म्हणून तर ऐकून घेणं जास्त गरजेचं. सोरायसिसच्या रुग्णानं मोठ्या भागावरचं जोरदार मलम एकदम सोडलं तर पुवाच्या फोडांसह भडका उठू शकतो, हे तुम्हीच शिकवता. ते त्यालाही सांगा. तुम्ही ऐकलं नाहीत की ही माणसं औषधाचं नावच टाकतात, आणि मग त्यांच्या पोराबाळांनाही टाचणीच्या डोक्याएवढंच मिळतं.

वेळ नसतो, हे तुमचं उत्तर मला माहीत आहे. दाराबाहेरच्या रांगेत मी तासन्‌तास बसलेली आहे, तुम्ही पाणी प्यायलाही उठत नाही हे पाहिलं आहे. म्हणून वेळ मागत नाही. मागते आहे एक रबरी शिक्का. चिठ्ठीच्या तळाशी तो मारायचा आणि रिकाम्या जागा भरायच्या. माझ्या मुलाच्या चौथ्या वर्षी तो असा भरता आला असता: “मध्यम ताकद. कोपरांच्या आत व गुडघ्यांमागे. रोज रात्री एकदा, मोठ्या माणसाची ३ पेरं. कातडी हाताला गुळगुळीत लागेपर्यंत, जास्तीत जास्त १४ दिवस. नंतर त्याच जागी आठवड्यातून दोन दिवस. चेहऱ्याला व जांघेत लावू नये. १४ दिवसांत फरक नसेल, किंवा पाणी, पू, ताप, दुखरे फोड आले तर लगेच यावे.” इतकंच. पेर म्हणजे काय ते सिस्टर किंवा कंपाउंडर दाखवतील. माझ्या बोटावर ती रेघ ओढायला आणि सहा तळवे मोजायला फार तर दोन मिनिटं लागली असतील.

आणि केमिस्ट मंडळी, हे पत्र तुम्हीही वाचत असाल तर, ‘जपून’ म्हणून सोडून देऊ नका. किती दिवस सांगितलंय, हे विचारा. दीड वर्ष जुनी चिठ्ठी घेऊन कुणी त्याच ट्यूबसाठी आलं तर त्याला डॉक्टरांकडे परत पाठवा. माझा भाऊ तेव्हा रागावला असता, पण गेला असता.

कातडीवर लावायच्या स्टिरॉइडचा पहिला यशस्वी वापर सल्झबर्गर आणि विटन यांनी १९५२ मध्ये जगापुढे मांडला. त्याआधी माझ्या मुलासारख्या पोरांचं काय होत असेल, या विचारानं मला आजही कसंतरी होतं. या औषधाचे माझ्यावर उपकार आहेत. त्याची बदनामी मला सहन होत नाही आणि त्याची नासाडीही.

मुलगा आता स्वतःच्या हातानं मलम लावतो. गेल्या आठवड्यात डाव्या कोपराच्या आत पुन्हा थोडं उठलं, तेव्हा ट्यूब उघडून, तर्जनी पुढे धरून त्यानं मला विचारलं, “आई, माझं पेर की तुझं?” मी माझं बोट पुढे केलं. अजून काही वर्षं तरी माझंच. मग त्यानं विचारलं, हे चिठ्ठीवर का लिहिलेलं नाही? महिनाअखेरीला त्याची तपासणी आहे. हा प्रश्न तो तिथे स्वतः विचारणार आहे, असं त्यानं मला बजावून ठेवलं आहे.

आपली नम्र,
इसब असलेल्या एका मुलाची आई